लाकडातली वर्षे वाचणारा खगोलशास्त्रज्ञ



मागच्या सत्रात सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही धुळे रस्त्यावरच्या एका लाकडाच्या वखारीत गेलो होतो. पलसाण्याच्या नाक्यावरून रोज ट्रकच्या ट्रक जातात, त्यांत लाकूडही असते, पण ते कुठून येते आणि त्याचे वय किती हे विचारायला कोणी थांबत नाही. वखारीत सागाचा एक चांगला जाड ओंडका नुकताच आडवा कापला होता. त्याच्या तोंडावर एकात एक अशी गोल कडी स्पष्ट दिसत होती. मुलांचे पाच गट केले आणि प्रत्येकाला कडी मोजायला लावली. उत्तरे आली ती अशी : ४३, ४५, ४५, ४६ आणि ४८.

मग जे व्हायचे तेच झाले. कोणाचे बरोबर यावरून भांडण. परतीच्या वाटेवर रिक्षातही ते चालू होते. दोन गटांचे ४५ आले म्हणजे ४५ च खरे, असा एका मुलाचा निकाल होता. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मात्र तो मान्य केला नाही. दोघे मिळून एकच चूक करू शकतात, असे त्यांचे म्हणणे. याच भांडणापायी एका माणसाने आपल्या आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे घालवली, आणि त्यातून एक नवे शास्त्र जन्माला आले. त्यांचे नाव अँड्र्यू एलिकॉट डग्लस. या अंकात त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही ठरवले ते त्या ४३ आणि ४८ मुळे.

आधी कड्यांबद्दल थोडेसे. आपल्या डांगच्या, व्यारा-सोनगढच्या जंगलातला साग कोरड्या दिवसांत पाने गाळून उघडा उभा राहतो. तेव्हा त्याची वाढ थांबते. पुढे वाढ सुरू झाली की खोडात पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्यांची एक रांग तयार होते. कापलेल्या तोंडावर ती सुईने टोचलेल्या भोकांच्या ओळीसारखी दिसते. त्यानंतरचे लाकूड घट्ट असते. मग पुन्हा थांबणे, पुन्हा भोकांची ओळ. अशी एका वर्षाची एक पट्टी, म्हणजेच एक वार्षिक वलय. आंबा किंवा वड यांचे तसे नाही. ते पूर्ण थांबत नाहीत, म्हणून त्यांच्या लाकडात अशी स्वच्छ वलये सापडत नाहीत. पाऊसपाणी चांगले झाले तर वलय रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद. ही गोष्ट नवी नव्हती. इटलीच्या लिओनार्दो दा विंची यांनी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली आहे. पण वलय अरुंद आहे हे दिसणे वेगळे, आणि ते नेमके कोणत्या सालचे हे सांगता येणे वेगळे. दुसरी गोष्ट जमायला विसावे शतक उजाडावे लागले.

डग्लस यांचा जन्म अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात विंडसर या गावी ५ जुलै १८६७ रोजी झाला. वडील धर्मगुरू. मुलाचा ओढा मात्र आकाशाकडे. हार्टफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयातून १८८९ साली पदवी घेतल्यावर ते हार्वर्डच्या वेधशाळेत लागले आणि तिच्या कामासाठी दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातील अरेकिपा येथे गेले. तेथून परतल्यावर त्यांची गाठ पर्सिव्हल लोवेल या बॉस्टनच्या धनवान गृहस्थांशी पडली. लोवेल यांना मंगळाने वेड लावले होते. मंगळावर दिसणाऱ्या सरळ रेषा म्हणजे तेथील बुद्धिमान प्राण्यांनी खोदलेले कालवे आहेत, अशी त्यांची खात्री होती. वेधशाळेसाठी स्वच्छ हवेची जागा हवी होती. १८९४ साली डग्लस दुर्बीण घेऊन ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात गावोगाव फिरले आणि शेवटी फ्लॅगस्टाफ या गावाची निवड झाली. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, आणि भोवती पाइन वृक्षांचे मोठे जंगल. त्या जंगलाचा पुढे उपयोग होणार आहे हे तेव्हा त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सुरुवातीला डग्लस यांनाही मंगळावर रेषा दिसल्या. त्यांनी त्यांची चित्रेही काढली. पण हळूहळू मनात शंका आली, आणि त्या शंकेचे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ग्रहासारख्या दिसणाऱ्या गोल तबकड्या करून त्यांनी त्या सुमारे मैलभर अंतरावर ठेवल्या आणि दुर्बिणीतून पाहिल्या. ज्या तबकडीवर रेषा काढलेलीच नव्हती तिच्यावरही डोळ्याला रेषा दिसू लागल्या! म्हणजे दोष मंगळाचा नव्हता, पाहणाऱ्याच्या डोळ्याचा होता. ही गोष्ट त्यांनी दडवली नाही. लोवेल आधी मत ठरवतात आणि मग पुरावे गोळा करतात, ही शास्त्राची रीत नव्हे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी लोवेल यांच्या नातलगाला लिहिले. ते पत्र लोवेल यांच्यापर्यंत पोहोचले. १९०१ च्या जुलैमध्ये डग्लस यांची नोकरी गेली. वय चौतीस.

पुढची पाच वर्षे त्यांनी फ्लॅगस्टाफमध्येच काढली. तेथील अध्यापक विद्यालयात शिकवले, वारसा आणि मृत्युपत्रांची प्रकरणे पाहणारे न्यायाधीश म्हणून निवडून आले. दुर्बिणीशी संबंध सुटला होता, पण डोक्यातला एक प्रश्न सुटला नव्हता. सूर्यावरील डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि कमी होतात. त्याचा पृथ्वीवरच्या पावसाशी संबंध असेल का? हे तपासायचे तर शेकडो वर्षांच्या पावसाच्या नोंदी हव्यात. ॲरिझोनात त्या काळी पर्जन्यमापकाच्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या. प्रवासात डोंगर उतरताना डग्लस यांनी पाहिले की पाऊस जसा कमी होतो तशी झाडी बदलत जाते. त्या कोरड्या मुलखात झाडाची वाढ पाण्यावर टांगलेली आहे. मग पावसाची नोंदवही कोठे शोधायची? ती त्यांच्या दारातच उभी होती.

१९०४ साली ते फ्लॅगस्टाफच्या लाकूड कंपनीच्या आवारात गेले आणि पट्टी घेऊन ओंडक्यांची वलये मोजू लागले. आमच्या मुलांनी जे केले तेच. पण ते एका ओंडक्यावर थांबले नाहीत. अनेक ओंडके पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की सालीपासून ठरावीक अंतरावर अरुंद वलयांचा तोच एक घोळका पुन्हा पुन्हा भेटतो. पुढे एका शेतातला जुना बुंधा पाहताना हाच घोळका त्यांना सालीच्या फार जवळ दिसला. म्हणजे त्यानंतर ते झाड फार वर्षे वाढलेच नव्हते. डग्लस यांनी मनाशी हिशोब केला की हे झाड १८९४ च्या सुमारास तोडले असावे. शेतमालकाला विचारले, तर साल तेच निघाले. कोणतीही कागदोपत्री नोंद न पाहता, केवळ बुंध्यावरून!

१९०६ साली टुसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात त्यांना जागा मिळाली. १९११ मध्ये त्यांनी फ्लॅगस्टाफपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या प्रेस्कॉटच्या झाडांची वलये तपासली. दोन्हीकडचे रुंद-अरुंद वलयांचे क्रम जुळले. येथून वलये मोजण्याच्या कामाचे शास्त्र झाले.

हे नीट समजावे म्हणून आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या पुष्कळ पालकांचे हात साडीच्या छपाईत गुंतलेले असतात. छापील साडीत नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते. म्हणून साडीचा एक तुकडा हातात दिला तर तो पदराजवळचा की मधला हे नक्षीवरून सांगता येत नाही. पावसाचे तसे नाही. रुंद, रुंद, अरुंद, मध्यम, फार अरुंद, रुंद... असा पन्नास-साठ वर्षांचा क्रम जसाच्या तसा पुन्हा छापला जात नाही. म्हणून एकाच प्रदेशातल्या दोन लाकडांचे तुकडे शेजारी ठेवून सरकवत गेले तर ते एकाच ठिकाणी जुळतात. आज तोडलेल्या झाडाचा आतला भाग शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाच्या बाहेरच्या भागाशी जुळवायचा, त्याचा आतला भाग आणखी जुन्या लाकडाशी, असे मागे मागे जाता येते. डग्लस कागदाच्या पट्टीवर अरुंद वलयाच्या जागी रेघ ओढत. वलय जितके अरुंद तितकी रेघ लांब. अशा दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या की जुळणी डोळ्याला दिसते.

आणि आता त्या ४३ आणि ४८ बद्दल. डग्लस यांना कळून चुकले की नुसत्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. कडक दुष्काळात झाड खोडाच्या एखाद्या बाजूला वलय तयारच करत नाही. त्या बाजूने मोजले तर एक वर्ष हरवते. उलट, मध्येच कोरड पडून पुन्हा पाऊस झाला तर एका वर्षात दोन वलये पडल्यासारखी दिसतात. झाड खोटे बोलत नाही असे आपण सहज म्हणतो, पण एकटे झाड चुकीचे सांगू शकते. हरवलेले वर्ष सापडते ते इतर झाडांशी पडताळल्यावर. सातवीच्या कोणत्याही गटाने मोजण्यात आळस केला नसेल. त्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी मोजले, एवढेच.

या बाबतीत डग्लस किती चोख होते याचा एक प्रसंग आम्हाला फार आवडला. १९१५ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील प्रचंड सिकोया वृक्षांच्या बुंध्यांचे नमुने जमवले. त्यांतल्या सर्वांत जुन्या झाडांत तीन हजारांहून अधिक वलये होती. या सगळ्या पसाऱ्यात १५८० सालाजवळच्या एका वलयाबद्दल त्यांना शंका राहिली. ते खरे की खोटे? तीन हजारांत एका वर्षाने काय फरक पडतो, असे दुसरा कोणी म्हणाला असता. डग्लस १९१९ साली केवळ तेवढ्यासाठी पुन्हा त्या जंगलात गेले, आणखी झाडे तपासली, आणि ते वलय खऱ्या वर्षाचे आहे असे ठरवून त्यामागच्या सगळ्या तारखा एका वर्षाने सरकवल्या. मंगळाच्या तबकड्या मैलभर दूर नेऊन ठेवणारा माणूस तो हाच.

खगोलशास्त्र त्यांनी सोडले नव्हते. एका दानशूर बाईंनी १९१६ साली दिलेल्या साठ हजार डॉलरच्या देणगीतून त्यांनी टुसॉनला स्ट्युअर्ड वेधशाळा उभी केली. महायुद्धामुळे दुर्बिणीचे काम रखडले आणि उद्घाटन व्हायला १९२३ साल उजाडले. आमच्या विश्वस्तांना या विलंबात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही.

याच काळात एक अनपेक्षित काम त्यांच्याकडे चालून आले. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी बांधलेली दगडी गावे ओसाड पडली आहेत. चाको खोऱ्यातील प्वेब्लो बोनितो या एकाच वास्तूत सहाशेहून अधिक खोल्या होत्या. पण ही गावे कधी वसली आणि कधी उठली हे कोणालाही नक्की सांगता येत नव्हते. लेख नाही, नाणे नाही. अंदाजांत शतकाशतकांचा फरक. छतांच्या तुळया मात्र कोरड्या हवेत टिकून होत्या. त्या तासून चौकोनी केलेल्या नव्हत्या, अख्खे गोल ओंडके होते, आणि काहींवर सालीखालचे शेवटचे वलयही शाबूत होते. संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी तुळयांचे तुकडे डग्लस यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

डग्लस यांच्याजवळ आता दोन मालिका झाल्या. पहिली जिवंत झाडांपासून मागे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जाणारी. तिच्यातले प्रत्येक साल नक्की. दुसरी जुन्या गावांच्या तुळयांची, ५८५ वर्षांची. तिच्यात कोणते घर कोणत्या घराच्या किती वर्षे आधी हे कळत होते, पण साल एकाचेही नाही. पाहुण्यांच्या घरी थोरला-धाकटा कोण हे माहीत असावे आणि जन्मसाल कोणाचेच माहीत नसावे, तसा प्रकार. दोन मालिका जोडणारे लाकूड शोधायला नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या मदतीने १९२३, १९२८ आणि १९२९ अशा तीन मोहिमा निघाल्या. माणसे राहत असलेल्या जुन्या होपी गावांतही ते गेले. घराच्या छताला भोक पाडून नमुना घ्यायचा म्हणजे घरच्यांची समजूत काढावी लागे, भेटी द्याव्या लागत.

२२ जून १९२९ रोजी शो लो या लहानशा गावात दोन तरुण सहाय्यकांना एक जळून कोळसा झालेली तुळई मातीत सापडली. हात लावताच भुगा होईल अशी. तिला दोऱ्याने बांधून, वितळवलेल्या मेणाचे द्रावण पाजून वर काढले. त्या दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला एचएच-३९ हे नाव मिळाले. डग्लस तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. रात्री दिव्याच्या उजेडात त्यांनी तिची वलये आपल्या पाठ असलेल्या मालिकेशी जुळवली. बाहेरचे वलय १३८० च्या आसपासचे, गाभ्याजवळचे १२३७ चे. दोन्ही मालिकांना तिने सांधले. आणि मग ध्यानात आले की त्या दोन मालिका काही वर्षे आधीपासूनच एकमेकींवर चढलेल्या होत्या. मात्र तेराव्या शतकाच्या अखेरच्या लांबलेल्या दुष्काळात वलये इतकी बारीक झाली होती, आणि नमुने इतके थोडे होते, की ओळख पटत नव्हती.

एका रात्रीत अनेक ओसाड गावांना जन्मसाल मिळाले. प्वेब्लो बोनितोची त्यांना मिळालेली सर्वांत जुनी तुळई इ.स. ९१९ ची निघाली. १२७६ ते १२९९ या काळात त्या प्रदेशात भीषण अवर्षण पडले होते हेही लाकडानेच सांगितले. त्याच सुमारास तेथील माणसे गावे सोडून गेली. दुष्काळ हे त्यामागचे एकच कारण नव्हते असे आजचे अभ्यासक मानतात. तरी खानदेशातून ७२ च्या दुष्काळात बिऱ्हाड हलवल्याच्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या जातात, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आता डग्लस यांच्या अपयशाचेही सांगितले पाहिजे. ज्या प्रश्नासाठी ते वखारीत गेले होते, तो सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याचा प्रश्न, त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. वलयांतले फेरे शोधायला खास यंत्र बनवले, जाडजूड ग्रंथ लिहिले. १९२२ साली इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ माउंडर यांनी त्यांना कळवले की १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच. डग्लस यांनाही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वलयांत तो फेरा हरवलेला दिसला होता, त्यामुळे त्यांचा विश्वास दुणावला. पण वलयांच्या रुंदीत सूर्यडागांचा फेरा स्पष्ट उमटतो हे इतरांना पटेल असे त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि आजही ते मानले जात नाही. कालव्यांबाबत लोवेल यांना जो प्रश्न त्यांनी विचारला होता, तो स्वतःच्या या एका लाडक्या कल्पनेला विचारताना त्यांचा हात थोडा सैल पडला असावा, असे आमचे मत.

तरीही सूर्याने झाडात लिहिले होते, फक्त दुसऱ्या जागी. २०१२ साली जपानच्या फुसा मियाके यांनी जुन्या देवदाराच्या जातीच्या झाडांची एकेक वलये वेगळी करून त्यांतला किरणोत्सारी कार्बन मोजला. इ.स. ७७४-७७५ च्या वलयात तो अचानक वाढलेला सापडला. त्या वेळी सूर्यावर मोठा उद्रेक झाला असावा असे मानले जाते. ९९३ सालच्या अशाच खुणेवरून २०२१ मध्ये ठरवता आले की युरोपातून आलेल्या व्हायकिंग लोकांनी कॅनडाच्या किनाऱ्यावर १०२१ साली लाकूड तोडले होते. या कामातही प्रत्येक वलयाचे साल नक्की करावे लागते ते डग्लस यांच्या जुळणीच्या रीतीनेच.

१९३७ साली ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांची जगातली पहिली प्रयोगशाळा सुरू झाली. जागा मिळाली फुटबॉलच्या मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली, तीही तात्पुरती म्हणून. स्वतःची इमारत मिळायला २०१३ साल उजाडले! डग्लस २० मार्च १९६२ रोजी टुसॉनमध्ये वारले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. तीन वर्षांनी मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत कालवा नव्हता. मंगळावरच्या एका विवराला आज डग्लस यांचे नाव आहे.

आपल्याकडे हे काम प्रामुख्याने सागावर झाले, कारण उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांत इतकी स्पष्ट वलये असतात. जावा बेटावरच्या सागाची १५१४ ते १९२९ पर्यंतची मालिका १९३१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ठाणे परिसरातल्या सागाचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. याच संस्थेने पुढे केरळातल्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. तिच्यातल्या अरुंद वलयांचा दुबळ्या मोसमी पावसाच्या वर्षांशी मेळ बसतो. म्हणजे पर्जन्यमापक येण्याच्या कितीतरी आधीचा पाऊस आता वाचता येतो.

वखारीतल्या काकांनी त्या ओंडक्याची एक चकती शाळेला भेट दिली. ती घासून गुळगुळीत करून प्रयोगशाळेत ठेवली आहे. मुलांनी आता चार बाजूंनी रेषा आखून पुन्हा मोजणी केली. तीन बाजूंनी ४६ आले, चौथ्या बाजूने ४५, आणि कोणते वलय मध्येच विरते तेही सापडले. पण झाड कोणत्या साली तोडले हे वखारीत कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे आपल्या चकतीला अजून साल नाही. पालकांपैकी कोणाच्या गावी बांधावरचा साग तोडला असेल आणि तोडल्याचे वर्ष नक्की माहीत असेल, तर बुंध्याची एक चकती विज्ञानाच्या बाईंकडे आणून द्यावी. सालीसकट असावी. घराच्या जुन्या तुळया नकोत. सुतार त्या चौकोनी तासतो तेव्हा बाहेरची वर्षे भुशात जातात.